पूर्वजाचे पाप, पूर्वजाची वेदना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी आणि धर्मांतरितांच्या स्थितीविषयी बाबासाहेबांनी लिहिलेली प्रकरणे त्यात आहेत. धर्मांतरितांच्या स्थितीची चर्चा करताना त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते की त्याची अवनती त्याच्या कर्मामुळे झाली. ख्रिस्ती झाल्यावर तो शिकतो की ती त्याच्या आदिपूर्वजाच्या पापामुळे झाली. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरी येतो, आणि ज्यांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले त्यांना जाब विचारणारे कोणी उरत नाही. या आक्षेपाला भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाने दिलेले सर्वांत गंभीर उत्तर शोधावयाचे तर मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे, वळावे लागते. किल्पॉक भागातील गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाचा जो पाया घातला, त्याचा विचार या दृष्टीने येथे करावयाचा आहे. निर्मल यांनी बाबासाहेबांचा तो आक्षेप समोर ठेवूनच लेखन केले, असा दावा येथे नाही. दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली असता काय दिसते, एवढाच प्रश्न आहे.

मद्रासला या विचाराची परंपरा नवी नव्हती. १९३८ च्या डिसेंबरात तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या परिसरात जगभरच्या मिशनरी संस्थांची परिषद भरली. परिषदेपुढील विचारार्थ हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताने जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ख्रिस्ती प्रकटीकरण आणि इतर धर्म यांच्यातील भेदावर भर होता. त्याच वर्षी पी. चेंचैया, व्ही. चक्करै प्रभृती मद्रासच्या ख्रिस्ती विचारवंतांनी भारतातील ख्रिस्ती धर्माच्या पुनर्विचाराचा आग्रह धरणारा लेखसंग्रह प्रसिद्ध केला. त्याआधी, १९२७ मध्ये, ए. जे. अप्पासामी यांनी ख्रिस्ती धर्माची मांडणी भक्तिमार्ग म्हणून केली होती. मराठी वाचकाला हा मार्ग अपरिचित नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्ताला आळवले, तेव्हा तेही याच वाटेवरचे प्रवासी होते. परदेशी पोशाख उतरवून ख्रिस्ताला भारतीय वेशात पाहावे, ही या सर्वांची तळमळ होती आणि ती खरी होती.

परंतु ‘भारतीय’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. निर्मल यांनी तो विचारला. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी प्रथम शूद्र ईश्वरविज्ञानाची कल्पना मांडली. पुढे मद्रासला गुरुकुलात आल्यावर ‘शूद्र’ या शब्दाची जागा ‘दलित’ या शब्दाने घेतली. त्यांच्या मते ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी अद्वैत वेदान्ताचा, अप्पासामींनी भक्तिमार्गाचा आणि चेंचैयांनी श्रीअरविंदांच्या पूर्णयोगाचा आधार घेतला. या सर्व आधारांचे मूळ ब्राह्मणी परंपरेत आहे. चर्चमध्ये बहुसंख्येने बसणाऱ्या दलित ख्रिस्ती माणसाचा अनुभव त्यांपैकी एकाही मांडणीत आला नाही. ‘दलित’ हा शब्द स्वीकारण्यातही मोठा अर्थ आहे. १९५८ चे मुंबईचे दलित साहित्य संमेलन आणि १९७२ ची दलित पँथर यांच्यामुळे या शब्दाला लढाऊ स्वाभिमानाची धार आली. मराठीने तावून सुलाखून दिलेला हा शब्द मद्रासच्या ख्रिस्ती विद्यापीठात एका नव्या शास्त्राचे नाव झाला, ही गोष्ट मराठी समीक्षेच्या फारशी नजरेत आलेली नाही.

निर्मल यांच्या शास्त्रवाचनाचा गाभा ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. इस्राएली शेतकऱ्याने हंगामाचे पहिले पीक टोपलीत घालून याजकाकडे न्यावे आणि देवापुढे आपल्या वंशाची कथा सांगावी, असा तेथे विधी आहे. आपला पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तेथे त्याचा छळ झाला, त्याने आक्रोश केला आणि देवाने त्याला बाहेर काढले, अशी ती कथा. निर्मल यांनी या अंगीकाराच्या पहिल्याच पदाशी आपल्या पूर्वजाला उभे केले. अरामी पूर्वजाला निदान भटकण्याचे स्वातंत्र्य होते. दलित पूर्वजाला तेही नव्हते. पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला फांदी आणि थुंकीसाठी गळ्यात मडके बांधून तो गावाच्या रस्त्याने चालत होता.

बाबासाहेबांच्या आक्षेपाशी हे वाचन येथे भिडते. मूळ पापाच्या सिद्धान्तात पूर्वज म्हणजे आदाम. त्याच्याकडून वंशजाला मिळतो तो अपराध. निर्मल यांनी बायबलमधूनच दुसरा पूर्वज शोधून काढला. त्याच्याकडून वंशजाला मिळते ती सोसलेल्या अन्यायाची स्मृती. पूर्वजाचे स्थान तेच राहिले, वारसा मात्र बदलला. ज्या धर्मग्रंथाने माणसाला दोषी ठरवले, त्याच ग्रंथात त्याला फिर्यादी होण्याची जागा मिळाली. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) मराठीतील दलित आत्मकथनांनी जे केले, त्याचीच ही शास्त्रीय बाजू आहे, असे म्हणता येईल. एकट्याची कथा सांगता सांगता समाजाची साक्ष नोंदवणे हे दोन्हीकडचे कार्य आहे.

वेदना कृतीच्या आधी येते आणि ज्ञानाचा उगमही तीच असते, हे निर्मल यांचे प्रतिपादन केवळ तात्त्विक नाही, याची साक्ष त्याच मद्रासमधील एक खटला देतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. मद्रासच्या माउंट रोडलगत पदपथावर चांभारकी करणाऱ्या एका ख्रिस्ती दलिताला शासकीय योजनेतील दुकानखोके याच कारणाने नाकारले गेले. ‘सूसाई विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतरही जात टिकते एवढे दाखवून भागणार नाही. नव्या समाजातही तिचे जाच तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत, हे सिद्ध व्हावे, अशी न्यायालयाची अपेक्षा होती. वेदनेचे मोजमाप मागणाऱ्या या निवाड्यानंतर काही वर्षांतच त्याच शहरात वेदनेलाच प्रमाण मानणारे ईश्वरविज्ञान उभे राहिले. त्याला पुस्तकी म्हणणे कठीण आहे.

ख्रिस्ताविषयीचे निर्मल यांचे वाचनही असेच थेट आहे. मत्तयाच्या वंशावळीतील तामार आणि राहाब या प्रतिष्ठितांच्या नजरेत न बसणाऱ्या स्त्रिया, नासरेथच्या सभास्थानात परक्यांच्या बाजूने बोलल्यामुळे उसळलेला संताप, मंदिराच्या शुद्धीकरणाची घटना आणि वधस्तंभावर आपण टाकले गेलो असा फोडलेला टाहो, या साऱ्यांत त्यांना दलित ख्रिस्त दिसतो. १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह ज्यांच्या स्मृतीत आहे, त्यांना मंदिराच्या प्रसंगाचा हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र याच ठिकाणी या विचाराची सर्वांत दुर्बल बाजू उघडी पडते. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या आधारे निर्मल म्हणतात की दलितांचा देव हा सेवक देव आहे आणि सेवा हा त्याचा स्वभावच आहे. ज्यांच्यावर सेवा लादली गेली त्यांना प्रतिष्ठा देण्याचा हा प्रयत्न आहे. पण लादलेल्या सेवेला देवाचा स्वभाव म्हटले की ती सोडण्याची निकड कशी टिकणार? भंगीकामाला श्रेष्ठ सेवा म्हणणाऱ्या गांधीजींवर बाबासाहेबांनी १९४५ मध्ये घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो. त्याग ज्याचा तोच करू शकतो. दुसऱ्याने हिसकावून घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणता येत नाही. नीतिशास्त्राच्या दृष्टीने सेवक देवाची प्रतिमा दलितापेक्षा सवर्ण ख्रिस्ती माणसाला सांगणे अधिक योग्य ठरेल.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. दलित ईश्वरविज्ञान दलितांनीच, स्वतःच्या अनुभवातून मांडावे आणि अन्य विचारधारांपासून ते वेगळे राखावे, असा निर्मल यांचा आग्रह होता. ‘दलित साहित्य कोणी लिहावे’ या मराठीतील वादाचे हे दुसरे रूप आहे. प्रारंभी हा आग्रह अपरिहार्य होता. कारण दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी भरलेल्या सभागृहात आधी स्वतःची जागा घ्यावी लागते. पण अनुभव एकसंध नसतो. बामा यांच्या ‘करुक्कु’ (१९९२) या तमिळ आत्मकथनाने दलित ख्रिस्ती स्त्रीला मठात काय सोसावे लागते ते सांगितले, आणि वेदनेच्या आतही पायऱ्या असतात हे दाखवून दिले. सत्यनाथन क्लार्क यांनी १९९८ च्या ग्रंथात परैयर समाजाच्या ढोलाला अर्थनिर्णयाचे केंद्र केले. दलितांचे धर्मजीवन केवळ दुःखाचे नसून निर्मितीचेही आहे, याची जाण त्यामुळे आली. पेनिएल राजकुमार यांनी २०१० मध्ये येशूच्या रोगमुक्तीच्या कथांकडे वळून, या ईश्वरविज्ञानाची चर्चच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी पडलेली फारकत दाखवून दिली.

या पुढच्या वाटचालीचे बीज, माझ्या मते, निर्मल यांनी निवडलेल्या त्या उताऱ्यातच आहे. तो अंगीकार उच्चारणारा शेतकरी आता जमिनीचा धनी आहे. त्याच्या हातात भरलेली टोपली आहे. भूमिहीन दलिताने तो उच्चारला की टोपली रिकामी असल्याचे आपोआप जाहीर होते. ही रिकामी टोपली हीच त्या वाचनातली सर्वांत तीव्र फिर्याद आहे. तो अध्याय तेथे थांबतही नाही. वंशकथा सांगून झाल्यावर परदेशीयाने त्या आनंदात सहभागी व्हावे आणि अनाथ व विधवा यांनी त्या पिकातून पोटभर खावे, अशी आज्ञा येते. पूर्वजाची वेदना आठवायची ती वाटणी न्याय्य व्हावी म्हणून, हा त्या उताऱ्याचा स्वतःचा नीतिविचार आहे. निर्मल यांनी वेदनेच्या स्मृतीला शास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले, आणि भारतीय ख्रिस्ती विचारातील त्यांचे ऋण त्यामुळे न फिटणारे आहे. वाटणीचा विचार पूर्ण करणे हे त्यांच्यानंतरच्यांचे काम होते. चर्चमधील वेगळी बाके आणि वेगळी स्मशाने जोवर आहेत, तोवर ते काम संपले असे कोणालाही म्हणता येणार नाही.