पतिरूप आणि कूट : प्रतिकृतींचा उपयोग व दुरुपयोग

पालि भाषेत ‘पतिरूप’ हा शब्द दोन दिशांनी जातो. मंगलसुत्तात जेथे वास करणे हितकर अशा प्रदेशाला ‘पतिरूपदेस’ म्हटले आहे. तेथे पतिरूप म्हणजे अनुरूप, योग्य. संयुत्तनिकायाच्या कस्सपसंयुत्तात मात्र ‘सद्धम्मपतिरूपक’ असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ सद्धम्मासारखे दिसणारे पण सद्धम्म नसलेले, म्हणजेच नकली, असा आहे. योग्यता आणि फसवणूक या दोहोंना एकाच शब्दाच्या छायेत जागा मिळावी, ही गोष्ट प्रतिकृतींचा विचार करताना आम्हाला मार्गदर्शक वाटते. सांचीचे तोरण, सारनाथचे सिंहशीर्ष, अजिंठ्याचा पद्मपाणी यांच्या प्रतिकृती आज अनेक विहारांत दिसतात. त्या करणे गैर आहे काय, आणि नसेल तर प्रतिकृती नेमकी कोणत्या ठिकाणी गैर ठरते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम परंपरेचे मत पाहू. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. शरीरधातूंवर उभारलेले पहिले, तथागतांनी उपयोगात आणलेल्या वस्तूंचे दुसरे, आणि केवळ त्यांना उद्देशून केलेले तिसरे. प्रतिमा व प्रतिकृती या तिसऱ्या वर्गात मोडतात. या वर्गाबद्दल कथा भाबडी नाही. उद्देसिकाला स्वतःची वस्तू नसते, ते केवळ मनावर अवलंबून असते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे बोधिवृक्षाचे बीज जेतवनाच्या द्वारी रुजविले जाते. तथागत चारिकेला गेले असता लोकांना वंदनेसाठी स्थान असावे, हा हेतू आनंदांनी उघडपणे सांगितला होता. जेतवनातील वृक्षाखालीच संबोधी प्राप्त झाली, असे कोणी सांगितले नाही. वृक्ष कोठून आला व कशासाठी आला, हे सर्वांना ठाऊक होते. हाच आमच्या मते प्रामाणिक प्रतिरूपाचा नमुना होय.

आधुनिक काळात अशा प्रतिरूपाने केलेले मोठे काम सांचीला दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तेथील तोरण उचलून युरोपात नेण्याची भाषा चालू होती. अखेर मूळ शिल्प जागीच ठेवून त्याचे साचे घ्यावेत असे ठरले. १८६९-७० साली लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने पूर्व तोरणाचे प्लास्टरचे साचे घेतले आणि त्यांवरून केलेल्या प्रती लंडन, पॅरिस, बर्लिन येथे गेल्या. प्रत परदेशी गेली म्हणून मूळ घरी राहिले. त्याच परंपरेतील एक दगडी प्रतिकृती २०२२ साली बर्लिनमध्ये हम्बोल्ट फोरमसमोर उभी राहिली. ती पाहणाऱ्याला मूळ तोरण सांचीला आहे हे कळते, तोवर त्या प्रतिकृतीने कोणाचे काही हिरावलेले नाही.

अजिंठ्याचा अनुभव अधिक संमिश्र आहे. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करवून घेतल्या. त्यांतीलही कित्येक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. ज्या उरल्या त्यांत मूळ भिंतीवर आज अस्पष्ट झालेले तपशील पाहावयास मिळतात. परंतु चित्रे उठून दिसावीत म्हणून नक्कलकारांनी भिंतींवर व्हार्निश फासले आणि त्याने मूळ रंगांची हानी झाली, हेही नमूद केले पाहिजे. प्रतीसाठी मूळ खर्ची घालणे हा प्रतिकृतीचा पहिला दोष होय, मग हेतू कितीही चांगला असो.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत ‘तुलाकूट’, ‘कंसकूट’ व ‘मानकूट’ ही नावे येतात. यांपैकी कंसकूटाचे अट्ठकथेने दिलेले स्पष्टीकरण मुळातून वाचण्यासारखे आहे. ठक एक पात्र खऱ्या सोन्याचे करवून घेतो आणि दोन-तीन पात्रे हलक्या धातूची करून त्यांना सोन्याचा रंग देतो. मग खेड्यात जाऊन एखाद्या सधन घरी तो ती स्वस्तात देऊ करतो. सोने खरे कशावरून, असे विचारताच ‘पारखून घ्या’ म्हणतो, खरे पात्र तेवढे दगडावर घासून दाखवितो आणि सगळी पात्रे विकून निघून जातो. येथे मुलामा दिलेली पात्रे स्वतः काही खोटे बोलत नाहीत. खोटेपणा आहे तो एकाची कसोटी दुसऱ्याच्या नावे खपविण्यात. फसवणूक वस्तूत नसून वस्तूबरोबर केलेल्या विधानात असते, हा सिद्धान्त अट्ठकथाकारांनी पात्रांच्या साध्या उदाहरणाने सांगून टाकला आहे.

हे कंसकूट धातूंच्या क्षेत्रात कसे चालते, याचे कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे डॉ. अँटन फ्यूरर. हा संस्कृतज्ञ वायव्य प्रांत व अवधचा पुरातत्त्व सर्वेक्षक होता. १८९६ साली लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला तेव्हा तो तेथे हजर होता. हे त्याचे खरे सोन्याचे पात्र. त्या प्रतिष्ठेच्या बळावर त्याने ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्खूंना बनावट बुद्धधातू विकले. बुद्धांचा म्हणून दिलेला एक दात घोड्याचा निघाला. त्याने सादर केलेले काही शिलालेखही बनावट ठरले. प्रकरण उघडकीस येऊन १८९८ साली त्याला राजीनामा द्यावा लागला.

याच वर्षीच्या जानेवारीत विल्यम पेपे याला पिप्रहवा येथील स्तूपात धातुकरंडक व त्यावरील ब्राह्मी लेख सापडला. फ्यूररचा वावर त्याच परिसरात असल्यामुळे या अस्सल शोधावरही दीर्घकाळ संशयाची छाया राहिली. १९७१ ते १९७३ या काळात के. एम. श्रीवास्तव यांच्या उत्खननात त्याच स्तूपाच्या अधिक खोल थरांत आणखी करंडक मिळाले, तरी वाद पुरता शमला नाही. नकली सोने जगात आले की खरे सोने लोपते, हा सद्धम्मपतिरूपक सुत्तातील दृष्टान्त येथे अक्षरशः प्रत्ययास येतो. नकली वस्तूचा बळी केवळ खरेदी करणारा नसतो. खऱ्या वस्तूची विश्वासार्हता हाही तिचा बळी असतो.

पिप्रहव्याच्या इतिहासात याच्या उलट प्रकारही घडला, आणि आमच्या मते तो अधिक सूक्ष्म आहे. अस्थी सयामच्या राजाला देण्यात आल्या, रत्ने बहुतांशी कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि त्यांतील काही भाग ‘डुप्लिकेट’ म्हणून पेपे याच्याकडे ठेवू देण्यात आला. आपल्या बाजारात या शब्दाचा अर्थ बनावट असा होतो. येथे मात्र अस्सल वस्तूंनाच, त्या एकमेकींसारख्या दिसतात म्हणून, हे नाव मिळाले. धातूंसह श्रद्धेने अर्पिलेल्या दानात ‘जादा नग’ असा प्रकार नसतो. एका चुकीच्या शब्दाने पूजाद्रव्याचे खाजगी मालमत्तेत रूपांतर झाले आणि सव्वाशे वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ही रत्ने हाँगकाँगमध्ये लिलावास निघाली. भारत सरकारच्या हरकतीनंतर लिलाव थांबला व जुलै २०२५ मध्ये गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती भारतात परत आली. नकलीला अस्सल म्हणणे हे कूट, तसेच अस्सलाला नक्कल म्हणणे हेही कूटच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : श्रद्धा खरी असली म्हणजे वस्तू खरी की खोटी याला काय महत्त्व? तिबेटात या अर्थाची एक कथा प्रसिद्ध आहे. म्हातारी आई व्यापारी मुलाला बुद्धधातू आणावयास सांगते; तो विसरतो आणि वाटेत मेलेल्या कुत्र्याचा दात उचलून तिला देतो; तिच्या श्रद्धेने त्या दातातून प्रकाश फाकतो. कथा आईची थोरवी सांगते, हे मान्य. पण मुलाने आईला फसविले हे त्या प्रकाशाने पुसले जात नाही. मुसावादापासून विरतीचे शील त्याने मोडले ते मोडलेच. शिवाय केसमुत्तिसुत्तात कालामांना स्वतः पारखून घेण्याचा उपदेश करणाऱ्या शास्त्याच्या नावावर न पारखलेली वस्तू पूजेस ठेवावी, हे विसंगत आहे. ज्या समाजाला शतकानुशतके खोट्या कथांच्या आधारे हीन ठरविण्यात आले, त्याने तरी ‘चालते’ म्हणून खोटे चालवून घेऊ नये.

आपल्याकडे प्रामाणिक प्रतिरूपाचे नमुने आहेत. मुंबईच्या चैत्यभूमीच्या प्रवेशद्वारी सांचीच्या धर्तीचे तोरण आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप सांचीचे स्मरण देतो, पण आतून पोकळ ठेवून लोकांना आत घेतो. मूळ ओळखू येते आणि नवे लपत नाही. तथापि सर्वत्र असे दिसत नाही. कित्येक विहारांत प्रतिकृतीजवळ साधी पाटी नसते. ‘धातू’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या करंडकांचा पूर्वेतिहास विचारणे अश्रद्धेचे मानले जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक प्रतिकृतीजवळ मूळ वस्तू कोणती, ती कोठे आहे, प्रत कोणी, केव्हा व कशाची केली, एवढ्या चार ओळी असाव्यात. धातू स्वीकारताना ते कोणत्या उत्खननातून वा परंपरेतून आले याचा लेखी दाखला मागावा. दाखला नसेल तर ते नम्रपणे परत करावेत. सद्धम्माचा लोप पृथ्वी, जल, अग्नी वा वायू करीत नाहीत, तो आतूनच निपजणाऱ्यांच्या हातून होतो, असे त्याच सुत्तात म्हटले आहे. प्रतिकृती करण्यात कमीपणा नाही. तिचे खरे नाव सांगणे मात्र अनिवार्य आहे.