सोवळ्यापासून स्पर्शापर्यंत : 'स्मृतिचित्रे'मधील श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक गौरवाचेच आहे. विनोद, घरगुती बोली आणि प्रांजळपणा हे या आत्मचरित्राचे तीन गुण आपण इतक्या वेळा ऐकले आहेत, की पुस्तक न वाचलेला माणूसही ते सांगू शकेल. मात्र हे पुस्तक एका ख्रिस्ती बाईने, ख्रिस्ती म्हणून जगल्यावर लिहिले, ही गोष्ट आपल्या समीक्षेत बहुधा चरित्रात्मक माहितीच्या कप्प्यात जाते. पतीने धर्म बदलला, पाच वर्षे ताटातूट झाली, पुढे पत्नीनेही बाप्तिस्मा घेतला, एवढे सांगून आपण पुन्हा विनोदाकडे वळतो. जणू श्रद्धा हा कथेतला एक प्रसंग आणि शैली ही वेगळी चीज.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. या पुस्तकात जी आशा, जी कृतज्ञता आणि जे बळ दिसते, ते श्रद्धेतून आलेले आहे आणि त्याची खूण धर्मवचनांत शोधायची गरज नाही. ती स्पर्शाच्या प्रसंगांत सापडते. कोण कोणाला शिवते, कोण कोणाच्या हातचे पाणी पिते, कोणाची चूल वेगळी मांडली जाते, या प्रश्नांमधून लक्ष्मीबाईंनी आपला धार्मिक प्रवास सांगितला आहे.

सुरुवात माहेरापासून करावी लागते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. या धक्क्यानंतर वडिलांच्या, म्हणजे नानांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाहेरून आलेली कोणतीही वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, वाचकही हसतो. पण जरा थांबून पाहिले, तर हे भयाने ग्रासलेले घर आहे. जग विटाळलेले आहे आणि ते कितीही धुतले तरी पुरते शुद्ध होत नाही, अशी नानांची मनोमन खात्री झालेली आहे. नानांच्या धर्मात कर्म भरपूर आहे, विसावा मात्र कुठेच नाही. पुढच्या सगळ्या प्रवासाचे मोजमाप या घरापासून करायला हवे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, वक्ते, उतावळे आणि पैशाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर होते. १८९३मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. भक्तिपरंपरेच्या अंगाने त्यांच्या धर्मांतराचा अभ्यास झाला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या वाटेवर त्यांच्यासोबत कोण नव्हते, हेही पाहिले पाहिजे. हा निर्णय घेताना पत्नी बरोबर नव्हती. लहानग्या दत्तूला घेऊन ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली. काही काळ पंढरपुरात काढला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि समाजाच्या नजरेत ती ना सवाष्ण ना विधवा. टिळकांना ज्या श्रद्धेने शांती दिली, तिची पहिली किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. ख्रिस्ती श्रद्धेने दिलेल्या बळाविषयी बोलताना हे विसरले, तर आपले लिखाण प्रचारकी होईल. लक्ष्मीबाई स्वतः हे विसरलेल्या नाहीत. त्या काळाची वेदना त्यांनी सौम्य केलेली नाही. फक्त तिचे आरोपपत्र केले नाही.

पुढे त्या मुलाला घेऊन अहमदनगरच्या परिसरात टिळकांकडे आल्या. तेव्हाही त्यांची चूल वेगळी होती, पाणी वेगळे होते. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळ्यात, आणि दोघांत प्रेम शाबूत, असा हा संसार मराठी साहित्यात दुसरा नसावा. या टप्प्यावर टिळकांनी तिच्यावर धर्म लादला नाही, हे महत्त्वाचे आहे. आणि याच टप्प्यावर पुस्तकातील सर्वांत निर्णायक घटना घडते. ती बाप्तिस्म्याची नाही. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागतात : माणसे देवाने निर्माण केली, हे खरे; पण जाती कोणी केल्या? एकदा हा प्रश्न पुरता मनात शिरल्यावर उत्तर टाळता येईना. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. नानांच्या घरातून आलेली भीती एका विचारासरशी गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये झाला.

हा क्रम समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. पत्नी पतीच्या मागे गेली, हे सोपे उत्तर तो टिकू देत नाही. पतीच्या मागे जायचे असते, तर ती १८९५मध्येच गेली असती. पाच वर्षे तिने आपला वेळ घेतला, आपल्या रीतीने विचार केला आणि आपल्या स्वयंपाकघरातून ती नव्या श्रद्धेत शिरली. या संदर्भात पुस्तकाच्या पहिल्या इंग्रजी अनुवादाचे नाव बोलके आहे. जोसेफिन इंकस्टर यांचा तो अनुवाद १९५०मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. वरवर पाहता ते अनुगामिनी पत्नीचे नाव वाटते आणि त्यामुळे खटकते. पण हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात येतात. तिथे त्यांचा अर्थ कोणाच्या पावलावर पाऊल टाकणे असा नसून, अजून हाती न आलेल्या ध्येयाचा नेटाने पाठलाग करणे असा आहे. हा अर्थ लक्ष्मीबाईंना चपखल बसतो.

इथे एक आक्षेप येईल. जातिभेद तर बाप्तिस्म्याआधीच गेला होता. त्या काळातील कितीतरी सुधारकांनीही धर्म न बदलता तो सोडला. मग ख्रिस्ती श्रद्धेने वेगळे काय दिले? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर बाप्तिस्म्यानंतरच्या घरात मिळते. विटाळ नाही असे मानणे हा विचार झाला. ज्याला कोणी शिवत नाही त्याला जवळ घेणे, हे त्याच्या पुढचे पाऊल. टिळकांच्या घरात परकी आणि पोरकी मुले येत राहिली आणि त्यांना वाढवण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडत राहिला. नगरला प्लेग आला, तेव्हा सगळे गाव संसर्गाच्या भीतीने पांगत असताना त्या प्लेगच्या रोग्यांमध्ये राहून त्यांची सेवा करीत होत्या. ज्या मुलीच्या माहेरी बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नव्हती, ती आता अशा माणसांना हात लावते आहे, ज्यांच्या स्पर्शात खरोखरच मरण होते. लक्ष्मीबाई हे सांगताना आवाज चढवत नाहीत, स्वतःला वीरांगना करत नाहीत. बळ हा शब्द वापरायचा तर इथे वापरावा. भीती नाहीशी होणे असा त्याचा अर्थ नाही. भीतीच्या शेजारी बसून काम करता येणे, एवढाच आहे.

बालकवींचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला हेरले आणि पुढे तो त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहिला आणि त्याने धर्म बदलला नाही. त्याच्याविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंच्या शब्दांत आईची चेष्टा आहे आणि आईचीच काळजी आहे. एकेकाळी वेगळी चूल मांडणारी बाई, समोरच्याची चूल वेगळी असू शकते हे समजून होती. म्हणून या घरातली श्रद्धा कोणाचे दार अडवत नाही.

आता विनोदाकडे वळता येईल. 'स्मृतिचित्रे'तील विनोद कडवट नाही, हे सर्वांनी सांगितले. तो का कडवट नाही, याचा शोध फारसा घेतलेला दिसत नाही. धर्मांतराच्या आत्मकथनात लेखक अनेकदा आपले आधीचे आयुष्य अंधार म्हणून रंगवतो, कारण त्यामुळे नंतरचा प्रकाश उजळ दिसतो. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. नानांच्या सोवळ्याला त्या हसतात, पण नानांवरची माया कमी होत नाही. पंढरपूरचे दिवस, सासर, नातेवाईक, दोन्हीकडच्या अडाणी समजुती, यांतले काहीही त्या नाकारत नाहीत. मागचे सगळे आयुष्य, त्यातल्या दुःखासकट, देणगी म्हणून स्वीकारलेल्या माणसालाच असे हसता येते. आभाराची भाषा न वापरता व्यक्त झालेली ही कृतज्ञता आहे, आणि या पुस्तकाची शैली तिच्यातूनच घडली आहे.

अर्थात एक मर्यादा मान्य केली पाहिजे. हे सारे मागे वळून पाहताना लिहिलेले आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून हे लेखन उभे राहिले. १९३४पासून ते चार भागांत पुस्तकरूपाने निघाले. वादळ शमल्यावर किनाऱ्यावरून त्याच्याकडे पाहणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीबाईंचे किनारेही स्थिर नव्हते. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचे काम आणि पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा संसार पुन्हा अधांतरी झाला. दोन वर्षांत वैधव्य आले.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते आशेचे सर्वांत ठोस प्रमाण आहे. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले होते. त्यांच्या हातून पहिले काही अध्यायच झाले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे अक्षरे शिकलेली, जोडाक्षरांशी कायम झगडलेली ही बाई उतारवयात महाकाव्य पुरे करायला बसते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाले. छापलेले पुस्तक आपल्या हातात पडेलच, याची कसलीही हमी नसताना रोज थोडे थोडे लिहीत राहणे, याला मी आशा म्हणतो.

काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' 'स्मृतिचित्रे'च्या उंचीला पोचत नाही, हे मान्यच आहे. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचायला हवीत, ती अद्याप तशी फारशी वाचली गेलेली नाहीत. एकात श्रद्धेचा विषय आहे, तर दुसऱ्यात श्रद्धेचा स्वभाव आहे. मराठी वाचकाने दुसरे पुस्तक आपलेसे केले आणि पहिले ख्रिस्ती समाजाकडे सोपवून दिले. ही वाटणी वाङ्मयीन गुणांवर झाली, असे आपण सांगतो. तिच्यात थोडेसे जुने सोवळेही असेल का, हे समीक्षेने स्वतःला विचारायला हरकत नाही.