‘साथ’, ‘टिपणे’ आणि छायालेखकाचे कर्तृत्व

मराठी चित्रपटसमीक्षेत छायालेखकाचा उल्लेख बहुधा अखेरच्या परिच्छेदात येतो, आणि तोही दोन ठराविक प्रयोगांच्या आश्रयाने. छायालेखनाने दिग्दर्शकाला ‘उत्तम साथ दिलेली’ असते, अथवा कॅमेऱ्याने निसर्ग ‘सुरेख टिपलेला’ असतो. ही शब्दयोजना निरुपद्रवी वाटली तरी तिच्या पोटी एक मत दडलेले आहे. ‘साथ’ हा गाण्याच्या बैठकीतला शब्द. तेथे साथीदाराने मुख्य गायकाच्या मागून जावयाचे असते. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. दोन्ही ठिकाणी टिपावयाची वस्तू आधीच पुढ्यात पडलेली असते. ‘कॅमेऱ्याने टिपले’ या रचनेत तर करणच कर्त्याच्या जागी जाऊन बसते. ‘कुंचल्याने सुंदर चित्र रंगवले’ असे लिहून चित्रकाराचे नाव आपण कधी गाळत नाही. मग छायालेखकाच्या बाबतीतच हा व्याकरणातील अन्याय आपल्याला खटकत का नाही?

याचे एक कारण त्याच्या व्यवसायमार्गाच्या इतिहासात सापडते. हा मार्ग प्रारंभी स्वतंत्र नव्हताच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी दादासाहेब फाळके यांनी त्र्यंबक तेलंग यांना कॅमेऱ्याचे शिक्षण दिले. त्याच चित्रपटात तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके हे मूळचे उपाहारगृहातील नोकर. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि पुढे अनेक मूकपटांचे छायालेखन केले. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेराच स्वतः तयार केला. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी केशवराव धायबर यांनी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘अमृतमंथन’ (१९३४) यांचे छायालेखन केले, आणि दिग्दर्शनही केले. स्वयंपाक, सुतारकाम, पडद्यांची रंगाई, अभिनय अशा अनेक वाटांनी माणसे कॅमेऱ्यापाशी आली. जे काम ‘हाताचे’ ठरले त्याला कर्तृत्वाचा मान देण्यास आपली समीक्षा कचरली, असे म्हणावे लागते.

या उपेक्षेने काय हरवते, याचे ठळक उदाहरण व्ही. अवधूत यांचे आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) या तिन्ही चित्रपटांचे छायालेखन त्यांचे. पहिल्याचे दिग्दर्शन दामले–फत्तेलाल यांचे, उरलेल्या दोहोंचे व्ही. शांताराम यांचे. आपण पहिला चित्रपट संतपटांच्या परंपरेत वाचतो आणि नंतरचे दोन शांतारामांच्या सामाजिक चित्रपटांत. एकाच माणसाने तीन-चार वर्षांत केलेले काम म्हणून ते शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात नाही. तसे वाचले तर एक सूत्र हाती लागते. तुकारामांच्या घरातील दारिद्र्य आणि अखेरचे वैकुंठगमन यांना कॅमेरा सारख्याच सरळ, निःशंक नजरेने पाहतो. चमत्कारासाठी त्याची भाषा बदलत नाही. म्हणूनच मागे उरलेल्या जिजाईचे दुःख चमत्काराखाली झाकले जात नाही. ‘कुंकू’मध्ये हीच नजर घरातल्या वस्तूंकडे वळते. घड्याळ केवळ वेळ दाखवीत नाही, आणि आरशात दिसणारा काकासाहेबांचा चेहरा त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. घरातील वस्तूला माणसाच्या बरोबरीने दृश्यात जागा देण्याची ही वृत्ती, दिग्दर्शक बदलूनही, टिकून राहिलेली दिसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, प्रभातमधील काम सामूहिक होते. नेपथ्य, रसायनशाळा आणि दिग्दर्शन यांतून एकट्या छायालेखकाचा वाटा निराळा काढता येणार नाही. आक्षेप रास्त आहे, परंतु तो दिग्दर्शकालाही तितकाच लागू पडतो, आणि त्याच्या बाबतीत आपण तो कधी उपस्थित करीत नाही. वाटा निर्णायकपणे ठरविणे कठीण असले तरी दिग्दर्शक बदलल्यावर काय टिकते आणि काय बदलते, हे पाहण्याची तुलनात्मक रीत आपल्याला उपलब्ध आहे.

१९६० मध्ये पुण्यातील प्रभातच्याच आवारात शासनाची चित्रपटसंस्था उभी राहिली आणि या मार्गाला अभ्यासक्रमाचे रूप आले. आज तेथील तीन वर्षांच्या छायालेखन अभ्यासक्रमासाठी पदवी आवश्यक असते. साळुंक्यांना त्या दारातून प्रवेश मिळाला नसता. याच संस्थेतून छायालेखन शिकलेल्या अविनाश अरुण यांनी ‘किल्ला’ (२०१४) चे दिग्दर्शन व छायालेखन दोन्ही केले. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ‘सैराट’ (२०१६) च्या छायालेखनानंतर ‘नाळ’ (२०१८) दिग्दर्शित केला. अशा वेळी आपण लिहितो की छायालेखकाने ‘दिग्दर्शनापर्यंत मजल मारली’. येथेही शब्द फसवा आहे. ‘किल्ला’मध्ये सवंगडी सोडून गेल्यावर चिन्मय पावसात किल्ल्यात एकटा उरतो, त्या प्रसंगातील भय संवादांतून फारसे येत नाही, ते ओल्या दगडांतून आणि मावळत्या उजेडातून येते. छायालेखक येथे कोणतीही पायरी चढलेला नाही. तो आपल्याच कलेत अधिक खोल उतरला आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. अंबाजोगाई, केज, माजलगाव येथील कित्येक तरुण लग्नकार्यांच्या चित्रणापासून आरंभ करतात. मांडवातील अपुऱ्या उजेडात, पुन्हा न घडणाऱ्या क्षणी, उभे कोठे राहावे आणि काय सोडून द्यावे हे ते हाताने शिकतात. साळुंक्यांच्या काळातील अनौपचारिक वाट येथे अजून जिवंत आहे. त्यांच्यापैकी कोणी उद्या ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांचे चित्रण करील, तेव्हा त्याने ते नुसते ‘टिपले’ असे म्हणणार, की त्याने काय निवडले, कोठून पाहिले आणि का, असे विचारणार? ज्ञानाला नाव नसेल तर ते धारण करणारा स्वतःला मजूरच समजत राहतो.

आपल्या श्रेयनामावलीत ‘छायालेखन’ हा शब्द रूढ आहे. त्यातील ‘लेखन’ समीक्षेने अद्याप गांभीर्याने घेतलेले नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी दिग्दर्शकाऐवजी एखादा छायालेखक निवडावा, भिन्न दिग्दर्शकांकडील त्याचे तीन चित्रपट शेजारी ठेवावेत आणि आपल्या विवेचनातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तपासावा. आरंभ अवधूत यांच्यापासून करता येईल.