दयेचे छप्पर आणि हक्काचे घर

आमच्या साहित्यात मूल आहे, पण ते साक्षीदार म्हणून. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली. या पुस्तकांतले हिणवले गेलेले मूल बोलते, ते मोठे झाल्यावर, लिहिता हात लाभल्यावर. ज्याला तो हात लाभलाच नाही, ज्याच्यावर घरात वा संस्थेत अत्याचार झाला आणि ज्याला एका रात्री पोलिसांनी बालगृहात आणून सोडले, त्या मुलाचे काय?

आमच्या कवितेत अत्याचारित मुलगी येते ती बहुधा प्रतीक होऊन. तिच्या देहावर आपण व्यवस्थेवरचा आरोप लिहितो. आरोप खराच असतो. परंतु मोर्चा पांगतो, कविसंमेलन उठते आणि ती मुलगी रात्री दिवा मालवू देत नाही, याची नोंद कुणी घेत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. ही मनाई फक्त वर्तमानपत्रांसाठी आहे, असे कवींनी आणि कार्यकर्त्यांनी समजू नये.

माझ्या महाविद्यालयात बालगृहातून एक विद्यार्थिनी आली. प्रवेश-अर्जातल्या ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी ती थांबली. मी म्हणालो, “संस्थेचा लिही.” ती म्हणाली, “सर, अठरा पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं.” मीही वसतिगृहाच्या अन्नावरच शिकलो. पण सुट्टीत परतायला मला आईची झोपडी होती. दोन्हींना आपण ‘आश्रय’ हा एकच शब्द वापरतो, ही आपली चूक आहे.

२०१५ चा बाल न्याय कायदा वाचला तर तो दयेची भाषा बोलत नाही. संस्था हा शेवटचा उपाय, असे तो सांगतो. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र काळजी-योजना, समुपदेशन, मुलांची स्वतःची बाल समिती आणि अठरानंतरही आधार, हे सारे त्यात आहे. परंतु कागद आणि दार यांत अंतर असते. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ साली उघड झाला, तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक परीक्षणामुळे. ते गृह सरकारी पैशावर चालत होते. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. यातून एकच धडा घ्यायचा: मुलाचे ऐकणारा माणूस संस्थेच्या पगारावरचा नसावा.

जखम भरणे म्हणजे काय? मुलाला रोज तोच चेहरा जेवायला वाढतो. अंगाला हात लावण्यापूर्वी त्याला विचारले जाते. तेच प्रसंग दहा अधिकाऱ्यांपुढे सांगायला लावले जात नाहीत. ‘नाही’ म्हटल्यावर शिक्षा होत नाही. हे महागडे उपचार नव्हेत. पण गृहमाता दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर यातले काहीच होत नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. त्याला नाव दिले, डॉक्टर होईतो शिकवले, आणि १८९७ च्या प्लेगात तो रुग्णसेवेला उभा राहिला. सांभाळले गेलेले मूल दुसऱ्याला सांभाळू लागले. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. ज्या चळवळीने वसतिगृहातून माणसे घडवली, तिला वसतिगृहाच्या भिंतीआड काय चालते हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि ते तिचे कर्तव्यही आहे.

मात्र प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागेल. अत्याचार करणारा सवर्ण असला की आपण रस्त्यावर येतो. तो आपलाच चुलता, आपलाच अधीक्षक असला की ‘समाजाची बदनामी नको’ म्हणून गप्प बसतो. त्या गप्पपणाची किंमत मूल भरते. बाहेरचा अन्याय सांगणाऱ्या साहित्याने हा घरातला अन्यायही सांगितला पाहिजे. नाही तर आपला विद्रोह अर्धाच राहील.

त्या मुलीने तो रकाना शेवटी कोराच ठेवला. मी अर्ज तसाच पुढे पाठवला.