पडदा आणि भिंत

झाडीपट्टींतील नाटक ज्यानें रात्रभर जागून पाहिलें आहे, त्यास पडद्याचें काम काय हें निराळें सांगावयास नको. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई भरूं लागली कीं शामियाने उभे राहतात आणि रंगविलेल्या पडद्यांपुढें नाटकें होतात. वाड्याचा पडदा सोडला कीं वाडा, रस्त्याचा सोडला कीं रस्ता. पडद्यानें स्थळ सांगितलें कीं त्याचें काम संपलें. पुढील अर्थ नटाच्या वाणीनें व गाण्यानें उलगडावयाचा.

चित्रपटाकडेहि आपण बहुधा याच संवयीनें पाहतों. संवाद व गाणीं ऐकतों. मागची भिंत पाहतो कोण? परंतु चांगल्या चित्रपटांत मागची वस्तु मागें राहत नाहीं.

व्ही. शांताराम यांचा 'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) घ्या. वृद्ध वकील काकासाहेब आणि फसवणुकीनें त्यांच्याशीं लग्न लागलेली तरुण नीरा, ही त्याची कथा. काकासाहेबांपुढील आरसा फुटतो व तुकड्यातुकड्यांतून त्यांचींच मुखें त्यांजकडे पाहूं लागतात. लांबलचक स्वगतानें जें साधलें नसतें तें कांचेनें साधलें आहे. तरीहि आरसा येथें मुद्दाम योजलेला आहे, हें चाणाक्ष प्रेक्षकास जाणवतें.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ची (२०१३) पायरी यापुढची आहे. शेवटीं जब्या व त्याचे घरचे काठीला बांधलेलें डुक्कर खांद्यावरून नेतात. वाट शाळेच्या भिंतीवरून जाते, आणि त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांचीं चित्रें आहेत. त्या चित्रांविषयीं कोणी भाषण करीत नाहीं. भिंत स्थिर आहे, माणसें चालत आहेत, आणि दोहोंमध्यें हातभर अंतर आहे. त्या अंतरांत सारी कथा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं हा योग फारच जुळवून आणलेला आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. अशा भिंती दिग्दर्शकानें निर्माण केलेल्या नाहींत. गोंदियापासून सोलापुरापर्यंत शाळाशाळांतून त्या आपणच रंगविल्या आहेत. आरसा कथेसाठीं आणावा लागला, भिंत आधींच गांवांत होती. मंजुळ्यांनीं एवढेंच केलें कीं जब्याची वाट तिच्याजवळून नेली. ज्यांनीं अस्पृश्यता व घाण यांविरुद्ध जन्म वेंचला, त्यांस गांवानें रंगांत मान दिला आणि जब्याच्या खांद्यावर काठी ठेवली. आरोप आहे तो या विसंगतीवर, आणि ती विसंगति कॅमेऱ्याची नव्हे, आपली आहे.

म्हणून येथें भिंत ही पडदा उरत नाहीं. ती साक्षीदार होते. हा चित्रपट पाहून आल्यावरहि आपल्या गांवच्या शाळेची भिंत ज्यास पूर्वीसारखीच दिसली, त्यानें तो पाहिला असें आमच्यानें म्हणवत नाहीं.