बाळसेदार अक्षर आणि आपलं पत्रक

मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बलू’ हा टाइप फुकट मिळतो, म्हणून आम्ही तो पत्रकाला लावला. अक्षर जाड, गोल, बाळसेदार. एकही टोक बोचत नाही. तो ९ भारतीय लिप्यांत आहे. गुजरातीत ‘बलू भाई’, तमिळमध्ये ‘बलू थंबी’, मल्याळममध्ये ‘बलू चेट्टन’. सगळीकडे भाऊच! हे बंधुत्व मला आवडलं. १४ एप्रिलच्या निमंत्रणाला, अभ्यासिकेच्या पाटीला तो शोभतो, लांबून वाचता येतो. बारीक मजकुरात मात्र अक्षरांची पोटं बुजतात.

पण मोर्च्याच्या पत्रकावर त्यात ‘अत्याचार’ छापला, तर शब्द मिठाईच्या जाहिरातीसारखा हसायला लागला. दोष टाइपाचा नाही, आमचा. फुकट दिसलं, घेतलं. शब्द काय बोलतोय ते बघितलंच नाही. पुढचा मथळा टोकदार अक्षरात काढू. निमंत्रणाला बलू राहू दे.