दोष सूर्याचा? एका आलेखाची तपासणी

मित्रहो, गेल्या वेळी आपण अन्वय आणि व्यतिरेक पाहिले. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. आज ही कसोटी एका गाजलेल्या शोधनिबंधाला लावू.

१९९१ साली डेन्मार्कच्या फ्रीस-क्रिस्तेन्सेन आणि लासेन यांनी 'सायन्स'मध्ये एक आलेख छापला. सौरडागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे, पण कमीजास्त होणारे. चक्र आखूड झाले की उत्तर गोलार्धातल्या जमिनीवरचे तापमान वाढलेले दिसते, असे त्यांचे म्हणणे. दोन रेषा अशा काही जुळल्या, की कोळसा आणि तेल निर्दोष सुटले असे पुष्कळांना वाटले.

आता बघा, रेषेतले चढउतार कमी व्हावेत म्हणून लागोपाठच्या अनेक चक्रांची सरासरी घेतली होती. पण शेवटच्या बिंदूंसाठी पुढची चक्रे अजून घडायचीच होती! म्हणजे तिथे पद्धत बदलली, आणि अलीकडची तापमानवाढ नेमकी तिथेच 'जुळली'. पीटर लाउट यांनी २००३ मध्ये हे सविस्तर दाखवले. लासेन यांचेही कौतुक करायला हवे. २००० साली त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर नवी आकडेवारी तपासली आणि अलीकडची वाढ चक्राच्या लांबीने उलगडत नाही, असे छापले.

मग व्यतिरेक? लॉकवुड आणि फ्रोलिश यांनी २००७ मध्ये दाखवले, की १९८५ नंतर सूर्याचा कल उलट दिशेचा होता. तापमान मात्र वाढतच गेले. शिवाय सूर्यच तापवत असता तर वरचा स्थितांबरही तापला असता. तो थंड होतो आहे. हे कार्बन डायऑक्साइडच्या वाढीशी जुळते.

म्हणून सूर्याचा परिणाम शून्य, असे आपण म्हणायचे नाही. चक्रागणिक त्याची ऊर्जा सुमारे ०.१ टक्क्याने बदलते, तेवढा वाटा त्याचा.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. १८७७ साली, मद्रासकडे दुष्काळ चालू असताना, लॉकयर आणि हंटर यांनी दुष्काळाचा संबंध सौरडागांशी जोडला. हेतू भाकिताचा होता, मान्य. पण पाऊस कशानेही हुकलेला असो, त्या काळात देशातून धान्य बाहेर जात राहिले, ते काही सूर्याने पाठवले नव्हते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.